ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची किरकोळ गळती घरी कशी शोधावी, कशी बंद करावी: बडोदेकरांसाठी सविस्तर माहिती

मॅन्युअल गिअरबॉक्समधलं तेल थोडं कमी झालं तरी गाडी बरेच दिवस तक्रार करत नाही. ऑटोमॅटिकचं तसं नाही. तिथे तेल नुसतं वंगण नसतं. तेच दाब तयार करतं, आतले क्लच दाबून धरतं, टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाने जोडणाऱ्या भागातून) इंजिनाची ताकद पुढे नेतं आणि उष्णताही बाहेर काढतं. पातळी खाली गेली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, तेलाला फेस येतो, दाब पडतो आणि क्लच घसरायला लागतात. घसरणीतून उष्णता वाढते, त्या उष्णतेने तेल जळतं आणि सीलचं रबर आणखी कडक होतं. म्हणून थेंब थेंब गळती असतानाच हात घालावा. त्या टप्प्यावर दुरुस्ती बहुतेक वेळा एका पॅकिंगची, ओ-रिंगची (रबराच्या गोल कड्याची) किंवा पाइपाच्या क्लॅम्पची असते आणि शांतपणे काम करणाऱ्या माणसाला ती घरी जमते.

अट एकच: गळती नेमकी कुठून होते हे कळल्याशिवाय एकही बोल्ट सैल करायचा नाही. घरच्या दुरुस्त्या फसतात त्या बहुतेक इथेच. पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाची तेलाची थाळी, ओला दिसला म्हणून पॅनचं पॅकिंग बदललं जातं आणि तेल मात्र वरच्या सेन्सरपासून ओघळत असतं.

आधी आपल्या गाडीत काय आहे ते ओळखा

क्लच पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला आपण ऑटोमॅटिक म्हणतो, पण आतली यंत्रणा चार प्रकारची असू शकते. मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओत आणलेलं एजीएस, म्हणजे एएमटी, हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे. त्याच्यावर क्लच आणि गिअर हलवणारा हायड्रॉलिक संच बसवलेला असतो. त्यात गिअर ऑइल वेगळं आणि त्या संचाचं तेल वेगळं. होंडा सिटीसारख्या गाड्यांत सीव्हीटी, म्हणजे पट्टा आणि पुलीवर चालणारा बॉक्स, येतो. इनोव्हा क्रिस्टा किंवा क्रेटाच्या काही मॉडेलांत टॉर्क कन्व्हर्टरचा ६ गिअरचा बॉक्स आहे. काही गाड्यांत दुहेरी क्लचचा डीसीटी असतो. हा लेख मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांसाठी आहे. सीव्हीटीलाही यातलं बरंचसं लागू पडतं, फक्त तिथे स्वच्छता आणि तेलाची निवड आणखी काटेकोर हवी. एएमटीच्या हायड्रॉलिक संचातून किंवा डीसीटीच्या मेकॅट्रॉनिक भागातून (गिअर बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक संचातून) गळती असेल तर घरी उघडू नका. तिथे दाब जास्त असतो आणि जोडणीनंतर कॉम्प्युटरवरून कॅलिब्रेशन करावं लागतं.

गाडी वॉरंटीत असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवा. डागाचे फोटो काढा आणि सर्व्हिस सेंटरला न्या.

डाग कशाचा आहे?

रात्री गाडीखाली पांढरा किंवा फिका पुठ्ठा पसरा आणि पुढच्या चाकांच्या जागी पेनाने खुणा करा. सकाळी डाग कुठे पडला ते त्या खुणांवरून कळेल. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, बहुधा लाल असतं, कारण इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं म्हणून त्यात मुद्दाम रंग घालतात. जुनं झालं की ते तपकिरी पडतं, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. सीव्हीटीचं तेल तर पिवळसर किंवा हिरवटही असू शकतं. बोटांत चोळून बघा: एटीएफ पातळ आणि निसरडं लागतं, इंजिन ऑइल जाडसर आणि काळपट. कूलंटला गोडसर वास असतो. एसीचं पाणी रंगहीन, वासहीन असतं आणि बडोद्याच्या मे महिन्यात ते भरपूर पडतं, त्याने घाबरू नका. आणखी एक गोष्ट तपासा. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या काही गाड्यांत तिथेही लाल एटीएफच वापरतात. स्टिअरिंगच्या डब्याची पातळी खाली गेलेली दिसली तर गिअरबॉक्स बहुधा निर्दोष आहे.

गाडी उचलणं: इथे घाई नको

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. विटांवरही नाही, वीट सूचना न देता फुटते. जॅक स्टँडची जोडी लागेलच. कार्यशाळेत खड्डा असलेला ओळखीचा मेकॅनिक तासभर जागा देत असेल तर त्याहून उत्तम. आपल्याकडे सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतात. स्टँडचे पाय त्यांत खचतात, म्हणून खाली जाड प्लायवूडचे तुकडे ठेवा. उन्हाने मऊ झालेल्या डांबरावरही तेच करा. दांडिया बाजार किंवा वाडीतल्या जुन्या वाड्यांच्या चौकात फरशीला मोरीकडे उतार असतो. तिथे गाडी उचलायला गेलात तर ती सरकू शकते आणि पुढे तेलाची पातळीही चुकीची दिसेल. गवंड्याची लेव्हल बाटली फरशीवर ठेवून बघा आणि सपाट जागा निवडा.

गिअर पीमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. गाडी स्टँडवर बसली की बाहेरूनच जोर लावून हलवून बघा. हलली नाही तरच खाली जा. सायलेन्सरचा पाइप गिअरबॉक्सच्या अगदी शेजारून जातो, तो थंड होऊ द्या. एटीएफ चालत्या गाडीत ८० ते ९० अंशांपर्यंत सहज जातं आणि हातावर पडलं तर भाजतं.

हत्यारांत गोटी पाना सेट, छोटा टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोरानेच, म्हणजे टॉर्कवर, आवळणारा), प्लास्टिकची खरवडपट्टी, पसरट ट्रे, मापाचं भांडं, लांब नळीचं नरसाळं, ब्रेक क्लीनर, टॉर्च, नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा एवढं पुरतं. चिंध्या धागे न सुटणाऱ्या घ्या, कारण सुटा धागा व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाचा दाब वळवणाऱ्या आतल्या भागात, गेला तर व्हॉल्व्ह अडकतो.

उगम शोधणं

खालचं इंजिन कव्हर असेल तर काढा. त्यावर तेल साचून भलतीकडून टपकतं आणि दिशाभूल होते. मग गिअरबॉक्सचा सगळा बाहेरचा भाग धुवून घ्या. डिझेलने किंवा रॉकेलने चिकट थर निघतो, पण मागे तेलकट पापुद्रा राहतो, त्यामुळे शेवटचा हात ब्रेक क्लीनरचाच. तो थंड इंजिनावरच वापरा, कारण तो पेट घेतो. प्रेशर पंपाने धुणार असाल तर सेन्सरच्या कनेक्टरवर आणि वरच्या ब्रीदरवर (हवा आत-बाहेर जाण्याच्या छिद्रावर) पाण्याचा फवारा मारू नका.

पूर्ण कोरडं झाल्यावर संशयित सांध्यांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरा आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणा. सगळे गिअर पडतील असा रस्ता घ्या. दांडिया बाजारातून पुलावरून अकोट्याला जाऊन परत येणं त्याला पुरेसं आहे. परत आल्यावर टॉर्च लावून बघा: पावडर जिथे ओली होऊन गडद झाली असेल तिथे खूण करा. पावडरने उलगडा होत नसेल तर तेलात घालायचा यूव्ही रंग आणि निळा टॉर्च मिळतो, त्याने अंधाऱ्या कोपऱ्यातली धारही चमकते. रंग एटीएफला चालणारा आहे ना, हे बाटलीवर वाचून घ्या.

तेल खाली ओघळतं आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं. म्हणून ओला भाग दिसला की त्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा बिंदू शोधा. गळती तिथेच असते.

नेहमीच्या जागा अशा. तेल थंड करायला रेडिएटरकडे किंवा वेगळ्या कूलरकडे नेणारे दोन पाइप आणि त्यांचे सांधे. ड्रेन प्लगचं वायसर. पॅनच्या कडेचं पॅकिंग. स्पीड सेन्सर आणि वायरिंग कनेक्टरच्या ओ-रिंगा. डिपस्टिकची नळी बॉक्समध्ये शिरते तिथली रिंग. गिअर लिव्हरची केबल जोडलेल्या शाफ्टचं सील. ड्राइव्हशाफ्टचं ऑइल सील. आणि शेवटी टॉर्क कन्व्हर्टरमागचं पुढचं सील. ते गळत असेल तर तेल इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडावरून खाली येतं. पहिल्या पाच जागा घरच्या. ड्राइव्हशाफ्टसाठी चाक, हब नट, बॉल जॉइंट सगळं सोडवावं लागतं, पूर्वी केलं नसेल तर ते मेकॅनिककडे द्या. लिव्हरच्या शाफ्टचं सील जागा अडचणीची असल्याने तेही तसंच. पुढच्या सीलसाठी अख्खा बॉक्स उतरवावा लागतो.

ब्रीदर ओला असेल तर काही बदलण्याआधी पातळी बघा. मागच्या सर्व्हिसला तेल जास्त भरलं गेलं असेल तर ते फेसाळून ब्रीदरमधून बाहेर येतं. तिथे औषध एकच, जास्तीचं तेल काढणं.

कूलरचे पाइप

आपल्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर असतो आणि बॉनेटखालचं रबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. काही वर्षांत रबरी पाइपाची टोकं कडक होतात, क्लॅम्पखाली चिरतात आणि तिथून तेल पाझरतं. पाइप बोटांनी दाबून बघा. लवचीक असेल आणि क्लॅम्पच फक्त सैल असेल तर नवा क्लॅम्प पुरतो. कडक झाला असेल किंवा वाकवल्यावर भेगा दिसत असतील तर नुसता क्लॅम्प आवळू नका. कडक रबर आवळलं की चीर वाढते.

नवा पाइप घेताना तो ट्रान्समिशन ऑइल कूलरसाठीचाच आहे ना हे पाइपावरच्या छपाईत वाचा. रेडिएटरचा पाइप किंवा साधा पेट्रोलचा पाइप इथे चालत नाही. एटीएफने तो फुगतो आणि एक दिवस निसटतो. या पाइपांत दाब फार नसतो, पण प्रवाह मोठा असतो. पाइप पूर्ण निसटला तर काही मिनिटांत बॉक्स रिकामा होऊ शकतो. जुन्या पाइपाचा तुकडा नमुन्याला घेऊन मकरपुरा जीआयडीसीत किंवा चांगल्या स्पेअरपार्टच्या दुकानात जा. आतला व्यास तंतोतंत जुळायला हवा.

ट्रे खाली ठेवा, एका वेळी एकच पाइप सोडवा, म्हणजे अदलाबदल होणार नाही. धातूच्या नळीचं टोक स्वच्छ पुसा आणि त्यावर खोल ओरखडा नाही ना ते बघा. नव्या पाइपाच्या आत थोडं एटीएफ लावून तो धातूच्या नळीवरच्या उंचवट्याच्या पुढपर्यंत पूर्ण चढवा. क्लॅम्प उंचवट्याच्या मागे बसला पाहिजे, उंचवट्यावर नव्हे. मूळ स्प्रिंग क्लॅम्प असेल तर तोच प्रकार पुन्हा वापरा, कारण रबर तापून-थंड होऊन लहानमोठं झालं तरी तो ताण कायम ठेवतो. स्क्रूचा क्लॅम्प लावायचा असेल तर सपाट, खाचा नसलेल्या पट्टीचा घ्या. खाचांची पट्टी रबर कापते.

ओ-रिंगा आणि ड्रेन प्लग

सेन्सरचं काम लहान आहे. बॅटरीचं ऋण टोक काढा, आजूबाजूची माती ब्रशने झटका, कनेक्टर सोडवा, एक बोल्ट काढा आणि सेन्सर हलके फिरवत सरळ वर ओढा. जुनी रिंग चपटी आणि कडक झालेली दिसेल.

नवी रिंग शक्यतो गाडीच्या पार्ट नंबरनेच मागवा. बाजारातून घ्यायचीच असेल तर आतला व्यास, जाडी आणि रबराचा प्रकार या तिन्ही गोष्टी दुकानदाराला सांगा. एटीएफमध्ये नायट्राइल चालतं, पण ते साधारण १०० ते १२० अंशांपर्यंतच टिकतं. व्हायटॉन २०० अंशांपर्यंत जातं आणि थोडं महाग असलं तरी या जागी तेच घ्यावं असं माझं मत आहे. ईपीडीएमच्या रिंगा पाण्यासाठी आणि ब्रेक ऑइलसाठी असतात. खनिज तेलात त्या फुगून निकामी होतात आणि दिसायला मात्र हुबेहूब तशाच काळ्या असतात. नवी रिंग एटीएफमध्ये भिजवून बसवा, पीळ पडू देऊ नका.

ड्रेन प्लगमधून थेंब येत असेल तर लोक तो आणखी आवळतात. ॲल्युमिनियमच्या बॉक्सचे आटे त्यात जातात आणि किरकोळ काम मोठं होतं. त्याखालचं तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वायसर एकदाच दबण्यासाठी असतं, ते बदला आणि प्लग मॅन्युअलमधल्या टॉर्कवर घट्ट करा.

पॅनचं पॅकिंग

पॅनच्या कडेने सगळीकडे ओल असेल तर आधी टॉर्क पाना लावून बोल्ट तपासा. सैल झालेले असतील तर ठरलेल्या टॉर्कवर आणून पुन्हा पावडरची चाचणी घ्या. पॅनच्या बोल्टांचा टॉर्क फार कमी असतो, बहुतेक गाड्यांत ७ ते १२ न्यूटन-मीटरच्या आसपास. हाताच्या अंदाजाने आवळणारा माणूस याच्या दुप्पट सहज लावतो, पॅकिंग कडेने बाहेर दबतं आणि गळती वाढते.

पॅकिंग बदलायचंच ठरलं तर ड्रेन प्लग काढण्याआधी तेल भरायचा प्लग उघडून बघा. तो गंजून बसलेला असेल आणि खालचं तेल आधीच सोडलं असेल, तर गाडी तिथेच अडकून राहील. तेल कोमट असावं, गरम नको. निघालेलं तेल मापाच्या भांड्यात जमवा आणि आकडा लिहून ठेवा. पॅनमधून साधारण ३ ते ४ लिटर निघतं, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टर आणि पाइपांत राहतं. त्यामुळे मॅन्युअलमधला एकूण क्षमतेचा आकडा बघून तेवढं ओतू नका.

ड्रेन प्लगच नसेल तर एका बाजूचे बोल्ट काढा, समोरच्या बाजूचे थोडे सैल करा आणि पॅन तिरका होऊ देऊन तेल ट्रेमध्ये घ्या. पॅन उतरवल्यावरही त्यात अर्धा-पाऊण लिटर असतंच, तो आडवा धरून खाली आणा. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात, म्हणून पुठ्ठ्यावर पॅनचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवा.

पॅनमधले लोहचुंबक नीट पाहा. त्यावर करडा, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे. पुसून परत लावा. चकाकते कण, पत्र्याचे तुकडे किंवा तेलात क्लचच्या अस्तराचा काळा चुरा आणि जळका वास असेल तर पॅकिंग बदलून प्रश्न सुटणार नाही. पॅन बसवा आणि ट्रान्समिशनचं काम जाणणाऱ्याला दाखवा. पॅन उघडलाच आहे तर आतला फिल्टर आणि त्याचं सीलही बदलून टाका.

बॉक्सची कड प्लास्टिकच्या पट्टीनेच खरवडा. स्क्रू ड्रायव्हरचा एक ओरखडा कायमची गळती देतो. पत्र्याच्या पॅनमध्ये बोल्टच्या भोकांभोवती पत्रा वर उचललेला असेल तर सपाट लाकडावर ठेवून हातोडीने हलके बसवा. रबराचं किंवा कॉर्कचं पॅकिंग कोरडंच लावायचं, त्यावर सिलिकॉन नको. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला दबतं, तुकडे सुटतात आणि फिल्टर तुंबतो. काही कंपन्यांच्या पॅनला मुळातच पॅकिंग नसून द्रव सीलंट असतो. तिथे मॅन्युअलमध्ये सांगितलेलाच सीलंट, बारीक सलग धारेने लावा आणि वाळायला सांगितलेला वेळ द्या. सगळे बोल्ट आधी बोटांनी बसवा, मग मधून बाहेर आणि आळीपाळीने समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत टॉर्कपर्यंत न्या.

योग्य तेल आणि योग्य पातळी

माझ्या मते अर्धी दुरुस्ती इथे आहे. टोयोटाला डब्ल्यूएस, ह्युंदाईच्या ६ गिअरच्या बॉक्सला एसपी-४, होंडाच्या नव्या सीव्हीटीला एचसीएफ-२ असे प्रत्येकाचे निकष ठरलेले असतात. ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ म्हणून दुकानदार जे देईल ते घेऊ नका. बाटलीवर डेक्सरॉन-३ लिहिलेलं तेल अजून सर्रास मिळतं, पण जनरल मोटर्सने त्याचे परवाने २००६ नंतर पुढे चालू ठेवले नाहीत. आजची बाटली त्या निकषावर उतरते की नाही हे कुणी तपासत नाही. सीव्हीटीत एटीएफ घातलं तर पट्टा आणि पुली घसरून बॉक्स खराब होतो.

जेवढं निघालं तेवढंच आधी ओता, मग पातळी तपासा. डिपस्टिक असेल तर काम सोपं. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करा, सपाट जागी उभी करा, ब्रेक दाबून लिव्हर पी, आर, एन, डी असा प्रत्येक जागी काही सेकंद थांबवत फिरवा आणि पीवर परत आणा. इंजिन चालू ठेवून ‘हॉट’च्या दोन खुणांमध्ये पातळी बघा. जुन्या होंडांत मात्र इंजिन बंद करून साधारण ६० ते ९० सेकंदांच्या आत बघायचं असतं. कमी असेल तर पाव-पाव लिटरने वाढवा.

बऱ्याच नव्या गाड्यांत डिपस्टिकच नाही. तिथे खालच्या किंवा बाजूच्या चेक प्लगमधून, इंजिन चालू असताना आणि तेल ठरावीक तापमानाला असताना, बारीक धार यायला हवी. काही टोयोटांत हे तापमान ४० अंशांच्या आसपास असतं, ह्युंदाईत ५० ते ६० च्या दरम्यान. तेल तापलं की फुगतं, म्हणून तापमान चुकलं की पातळी चुकते. तापमान गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या ओबीडी स्कॅनरवर वाचता येतं. पण त्या वेळी गाडी चारही बाजूंनी सारखी उचललेली आणि इंजिन चालू असताना तुम्ही खाली असता. घरी दोनच स्टँड असतील तर हा शेवटचा टप्पा लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्येच करा. बॉक्समध्ये पुरेसं तेल घालून सावकाश तिथवर जाता येतं.

नंतर गाडी पुन्हा फिरवा, सांधे पुसून बघा, रात्रभर पुठ्ठा ठेवा आणि आठवड्याने आणखी एकदा खाली टॉर्च मारा. पहिल्या दिवशी कुठेतरी अडकलेलं जुनं तेल एखादा थेंब देतं, त्यावरून लगेच पॅन उघडू नका.

गळती थांबवणारी औषधं

बाटलीतून मिळणारी ही रसायनं कडक झालेलं रबरी सील मऊ करून फुगवतात. म्हणजे फाटलेला पाइप, दबलेलं वायसर किंवा वाकलेला पॅन यांवर त्यांचा उपयोग शून्य. सीव्हीटीत आणि डीसीटीत ती घालूच नका. जुन्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत पुढचं सील पाझरतंय आणि बॉक्स उतरवण्याचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने परवडत नाही, एवढ्याच प्रसंगी मी त्यांचा विचार करेन, आणि तेही काही महिने मिळतील एवढ्याच अपेक्षेने.

डीला टाकल्यावर गाडी उशिरा ओढ घेत असेल, इंजिन नुसतं फिरत असेल आणि वेग येत नसेल, किंवा जळका वास असेल तर ती चालवत नेऊ नका. फ्लॅटबेड बोलवा. इंजिनाची ताकद मिळणारी चाकं जमिनीवर ठेवून दोराने ओढलेल्या गाडीत पंप बंद असतो आणि आतले भाग वंगणाशिवाय फिरतात.

पुरानंतर

ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात शहरातल्या असंख्य गाड्या पाण्यात उभ्या होत्या, आणि अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, तर दरवर्षीच्या जोरदार पावसात भरतं. अशा पाण्यात थांबलेल्या गाडीत ब्रीदरमधून पाणी बॉक्समध्ये जाऊ शकतं, कारण गरम बॉक्स एकदम थंड झाला की आत हवा ओढतो. तेल गुलाबी मिल्कशेकसारखं दिसलं तर पाणी मिसळलं आहे. पूर आलेला नसताना असं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटला असेल, कूलंटच्या डब्यात तेलाचा तवंग बघा. दोन्ही वेळी इंजिन सुरू करू नका. क्लचच्या कागदी अस्तराचा गोंद पाण्याने सुटतो. हे काम घरचं नाही.

निघालेलं तेल

वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. पावसाळी गटारात ओतलेलं तेल आपल्याकडे विश्वामित्रीला मिळतं आणि त्या नदीत मगरी राहतात, कासवं राहतात. झाकणाच्या डब्यात भरा, त्यात कूलंट किंवा पेट्रोल मिसळू देऊ नका, आणि जुनं तेल ड्रममध्ये साठवून अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजला नेऊन द्या. तेलाने भिजलेल्या चिंध्या, फिल्टर आणि पुठ्ठे घरच्या कचऱ्यात न टाकता त्याच डब्याबरोबर पाठवा.